शब्दापासून दंग्यापर्यंतचे अंतर

धान्याचे व्यापारी गोरगरिबांना उपाशी मारतात, हे मत वर्तमानपत्रात छापून आले तर सरकारने त्याच्या वाटेस जाऊ नये, परंतु तेच मत एखाद्या व्यापाऱ्याच्या दारासमोर खवळून जमलेल्या जमावाला उद्देशून बोलले गेले तर बोलणाऱ्यास शासन करणे न्याय्य ठरू शकेल, असे जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधात म्हटले आहे. या उदाहरणातील खुबी अशी, की दोन्ही ठिकाणी मत तेच आहे, त्यातील खरेखोटेपणाही तेवढाच आहे. बदलले आहे ते इतकेच, की पहिल्या ठिकाणी मत आणि दगड यांच्यामध्ये विचार करावयास, उलट उत्तर द्यावयास, निदान डोके निवावयास अवकाश आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी तो उरलेला नाही. भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांविषयी आपल्या देशात गेल्या दीडशे वर्षांत जे खटले चालले आणि जे कायदे घडले व मोडले, त्यांचा गाभा माझ्या समजुतीप्रमाणे या एकाच प्रश्नात आहे: शब्द आणि त्यापासून होणारा अपाय यांच्यामध्ये किती अंतर असले म्हणजे सरकारने आपला हात आवरावा, आणि ते अंतर मोजण्याचा अखत्यार कोणाचा? आगरकरांच्या पिढीने मिल मोठ्या आवडीने वाचला. त्याच्या देशबांधवांनी येथे मांडलेल्या न्यायासनांना मात्र हे अंतर दिसावयास फार काळ लागला.

आज या विषयाचा मूळ दस्तऐवज म्हणजे संविधानाचे एकोणिसावे कलम होय. त्यात नागरिकाला भाषणाचे व अभिव्यक्तीचे आणि शांततेने, शस्त्रावाचून एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि पुढच्याच खंडात भाषणावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्याला ज्या आठ कारणांसाठी आहे ती मोजून सांगितली आहेत: देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता अथवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधास चिथावणी. या यादीत जे नाही तेही ध्यानात धरण्याजोगे आहे. सरकारची प्रतिष्ठा तीत नाही, मंत्र्यांचा मान नाही, ‘लोकहित’ नावाची सर्वसंग्राहक सबबही नाही. म्हणून कोणत्याही निर्बंधाला या आठांपैकी एखाद्या दारातूनच आत यावे लागते आणि आत आल्यावर आपण वाजवी आहोत हे सिद्ध करावे लागते.

या दारांपैकी काही दारांविषयी फारसा वाद नाही. १८८२ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तेथील तरुण महाराजांचा छळ करतात असे आरोप छापले, ज्या पत्रांच्या आधारावर ते छापले ती बनावट निघाली, आणि टिळक व आगरकर यांना माफी मागूनही चार महिन्यांची कैद होऊन मुंबईच्या डोंगरी तुरुंगात प्रत्यक्ष १०१ दिवस काढावे लागले. (जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी या दोघांसाठी दहा हजारांचा जामीन उभा केला होता, ही गोष्ट पुढील काळातील वैरांच्या धुराळ्यात अनेकांच्या स्मरणातून गेली आहे.) शिक्षा कडक होती असे कोणी म्हणेल, परंतु जिवंत माणसाच्या अब्रूवर खोटा आरोप आला म्हणजे अपाय शब्दाबरोबरच घडतो, मध्ये अंतर असे राहतच नाही, आणि म्हणून अब्रुनुकसानीचा कायदा असूच नये असे त्या दोघांनीही कधी म्हटले नाही. घोटाळा सुरू होतो तो अब्रू व्यक्तीची नसून सरकारची असते तेव्हा.

हिंदी दंडसंहितेचा जो मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली तयार केला त्यात राजद्रोहाचे कलम होते. १८६० साली संहिता मंजूर झाली तेव्हा ते गळाले. आणि १८७० साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने ते चुकून राहून गेले होते असे सांगून १२४-अ या क्रमांकाने आत घातले. कलमाचा मुख्य आशय असा, की कायद्याने प्रस्थापित झालेल्या सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारास जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा व्हावी. अप्रीती म्हणजे काय, याचा निर्णय पंचवीसेक वर्षांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात व्हावयाचा होता.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आणि प्लेग-कमिटीचा अंमल ही दोन्ही संकटे एकदम कोसळली असता ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाची हकीकत आणि शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता प्रसिद्ध झाली, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग-कमिटीचे अध्यक्ष रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि जुलैच्या अखेरीस टिळकांना अटक झाली. लेखाचा आणि खुनाचा संबंध सरकारपक्षाने पुराव्याने जोडला नाही, आणि न्यायमूर्ती आर्थर स्ट्रेची यांनी पंचांना जो कायदा समजावून दिला त्याप्रमाणे तो जोडण्याची गरजही नव्हती. कारण अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, ती थोडी असो वा फार, तिच्यातून दंगा उद्भवो वा न उद्भवो, मनात तशी भावना उत्पन्न करण्याचा यत्न झाला की गुन्हा पुरा झाला, असे त्यांनी सांगितले. नऊ पंचांपैकी सहा युरोपियनांनी ‘दोषी’ म्हटले, तीन हिंदी पंचांनी ‘निर्दोष’ म्हटले, आणि टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलपुढे अपिलाची परवानगी मागण्यास टिळकांच्या बाजूने जे बॅरिस्टर उभे राहिले ते हर्बर्ट ॲस्क्विथ. परवानगी नाकारली गेली. पुढे १९०८ साली टिळकांवर दुसऱ्यांदा राजद्रोहाचा खटला झाला त्या वेळी हेच ॲस्क्विथ इंग्लंडचे पंतप्रधान होते.

स्ट्रेची यांच्या व्याख्येचा परिणाम असा झाला, की शब्द आणि अपाय यांच्यामधील अंतर कायद्याच्या हिशेबातूनच नाहीसे झाले. अपाय बाहेर, रस्त्यावर किंवा चौकात शोधावयाचा नसून वाचकाच्या अंतःकरणात शोधावयाचा, आणि अंतःकरणाचा पंचनामा करता येत नसल्यामुळे तो लेखावरूनच अनुमानाने काढावयाचा, अशी ही तजवीज होती. १८९८ साली कायदेमंडळाने कलम सुधारले ते या व्याख्येला लगाम घालण्यासाठी नव्हे, तर तिला बळकटी आणण्यासाठी: द्वेष आणि तुच्छता हे शब्द आत आले, आणि निरनिराळ्या वर्गांत वैमनस्य पसरविण्याविषयीचे १५३-अ हे नवे कलम त्याच वर्षी जन्मास आले.

१९०८ च्या खटल्याची कथा मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून ती येथे थोडक्यात. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांबद्दल टिळकांवर फिर्याद झाली; १८९७ साली ज्यांनी त्यांच्या जामिनासाठी वकिली केली होती ते दिनशा दावर आता न्यायाधीश होते आणि त्यांनी या खेपेस जामीन नाकारला; सात युरोपियन पंच एका बाजूला आणि दोन पारशी पंच दुसऱ्या बाजूला असा कौल पडून सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी-कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. कमी परिचित आहे तो १९१६ चा प्रसंग. त्या वर्षी बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यविषयक व्याख्यानांबद्दल टिळकांकडून वीस हजारांचा मुचलका आणि शिवाय दोन जामीनदार घेण्याचा हुकूम पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने काढला असता बॅ. जिना यांनी उच्च न्यायालयात तो लढविला, आणि न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी व्याख्याने समग्र वाचून, सुटे उतारे बाजूस ठेवून, त्यांचा एकंदर रोख राज्यव्यवस्था बदलून मागण्याचा आहे, सरकारविषयी शत्रुत्व पसरविण्याचा नाही, असे ठरवून हुकूम रद्द केला. कलम तेच, माणूस तोच, न्यायालयही तेच. वाचण्याची रीत तेवढी निराळी. ज्या कायद्यात मोजपट्टी अंतःकरणाची असते त्यात निकाल वाचणाऱ्याच्या वृत्तीवर अवलंबून राहणे अपरिहार्य असते.

या मोजपट्टीला पहिला जोराचा धक्का १९४२ साली फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी दिला. निहारेंदु दत्त मजुमदार या बंगालच्या पुढाऱ्याच्या खटल्यात त्यांनी असे सांगितले, की सरकारच्या दुखावलेल्या अभिमानावर मलम लावण्यासाठी हा कायदा नाही. सार्वजनिक अव्यवस्था, अथवा तिचा वाजवी संभव, हे राजद्रोहाचे मर्म आहे. परंतु १९४७ साली, म्हणजे राज्य सोडून जाण्यास काही महिनेच उरले असता, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात ग्वायर यांचे मत चुकीचे ठरवून स्ट्रेची यांची व्याख्या पुन्हा गादीवर बसविली. जाता जाता घरातील जुनी कुलपे नव्या बिऱ्हाडकरूच्या स्वाधीन करावीत तसे हे झाले, आणि नव्या बिऱ्हाडकरूनेही ती फेकून दिली नाहीत.

संविधान-सभेत निर्बंधांच्या कारणांमध्ये राजद्रोहाचा निर्देश प्रथम होता. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी तो गाळण्याची सूचना आणली आणि तो गळाला. त्यामुळे संविधान अमलात आले तेव्हा, राज्याची सुरक्षितता धोक्यात आणणारे किंवा राज्य उलथून टाकणारे भाषण सोडले तर, सुव्यवस्थेच्या नावाखाली भाषण रोखण्याचा आधार कलमात उरला नव्हता. याची प्रचीती चारच महिन्यांत आली. रमेश थापर यांचे ‘क्रॉस रोड्स’ हे मुंबईहून निघणारे डाव्या मताचे साप्ताहिक. त्याला मद्रास सरकारने आपल्या हद्दीत येण्यास मनाई केली. दिल्लीचे ‘ऑर्गनायझर’ हे नेमके उलट्या टोकाचे. त्याला दिल्लीच्या चीफ कमिशनरांनी मजकूर छापण्यापूर्वी तपासून घेण्याचा हुकूम फर्माविला. दोघेही थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २६ मे १९५० या एकाच दिवशी न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी बहुमताच्या वतीने दोन्ही हुकूम रद्द केले. न्यायमूर्ती फझल अली यांनी भिन्न मत नोंदविले. ज्या दोन पत्रांचे देशातील एकाही प्रश्नावर एकमत झाले नसते त्यांचे स्वातंत्र्य एकाच दिवशी एकाच युक्तिवादाने सुटले, यात या स्वातंत्र्याचा स्वभाव जितका स्पष्ट दिसतो तितका व्याख्यानांतून दिसत नाही.

सरकारला हे मानवले नाही. जून १९५१ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूकही झालेली नसताना, हंगामी संसदेने संविधानाची पहिली दुरुस्ती मंजूर केली आणि सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री व अपराधास चिथावणी ही तीन कारणे यादीत घातली. पंडित नेहरूंनी विधेयकाचे समर्थन केले, कायदेमंत्री या नात्याने डॉ. आंबेडकरांनी त्याची कायदेशीर बाजू मांडली, आणि श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्याच चर्चेत नेहरूंनी १२४-अ या कलमाविषयी उघड तिटकारा व्यक्त केला होता. कलम मात्र त्यांच्यामागे सहा दशके जगले. असे असले तरी या दुरुस्तीने एक उपकारही करून ठेवला, तो म्हणजे ‘निर्बंध’ या शब्दामागे ‘वाजवी’ हे विशेषण बसविले. तीन नवी दारे उघडली खरी, पण प्रत्येक दाराशी न्यायालयाचा पहारेकरी उभा राहिला, आणि पुढचा सगळा इतिहास या पहारेकऱ्याच्या जागेपणाचा आणि डुलकीचा आहे.

तो सर्वांत जागा होता तो १९६० साली. उत्तर प्रदेश सरकारने कालव्याच्या पाण्याचे दर वाढविले असता डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५४ साली फर्रुखाबाद भागात सभा घेऊन शेतकऱ्यांना वाढीव पाणीपट्टी भरू नका असे सांगितले, आणि सरकारला देणे असलेली रक्कम न भरण्यास कोणालाही चिथावणे हा गुन्हा ठरविणाऱ्या १९३२ च्या, म्हणजे सविनय कायदेभंगाच्या काळातील, एका ब्रिटिश कायद्याखाली त्यांना अटक झाली. स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारने ते जुने हत्यार म्यानातून काढावे, तेही त्या चळवळीत घडलेल्या माणसावर, याचे वैषम्य बाजूला ठेवू. युक्तिवाद पाहण्यासारखा होता. सरकारपक्ष म्हणाला, की आज एका माणसाला पट्टी भरू नको म्हटले तर उद्या ती ठिणगी पसरून क्रांती होऊ शकेल, तेव्हा सुव्यवस्थेसाठी हा निर्बंध वाजवी आहे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी हे मानले नाही. भाषण आणि अव्यवस्था यांच्यातील संबंध निकटचा हवा, कल्पनेने ओढूनताणून आणलेला किंवा कार्यकारणाच्या साखळीत दूरवर कोठेतरी सापडणारा चालणार नाही, असे त्यांनी ठरविले, आणि ते कलम रद्द झाले. मिलच्या व्यापाऱ्याचे दार अखेर आपल्या कायद्यात आले ते असे.

पाच वर्षांनी याच लोहियांच्या दुसऱ्या एका खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तीन समकेंद्री वर्तुळांची कल्पना मांडली: सर्वांत बाहेरचे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आतले सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आतले राज्याच्या सुरक्षिततेचे. नाक्यावरची मारामारी पहिल्या वर्तुळात मोडते, म्हणून ती आपोआप दुसऱ्यात जात नाही. आणि संविधानाच्या यादीत पहिले वर्तुळ नाहीच. पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक वाचताना ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल म्हणून’ हे शब्द दिसले की या वर्तुळांची आठवण ठेवावी. त्या शब्दांनी भाषण रोखता येत नाही.

या दोन निकालांच्या मध्ये, १९६२ साली, केदारनाथ सिंग यांचा खटला झाला आणि त्यात राजद्रोहाच्या कलमाचे भवितव्य ठरले. बिहारमधील बरौनी येथे १९५३ साली या गृहस्थांनी भाषण केले, त्यात गुप्त पोलिसांना कुत्री म्हटले, काँग्रेसवाल्यांना गुंड म्हटले, आणि क्रांतीची भाषा केली. सरन्यायाधीश सिन्हा यांच्या घटनापीठाने प्रिव्ही कौन्सिल सोडून ग्वायर यांचा हात धरला: हिंसेस चिथावणी, अथवा सार्वजनिक अव्यवस्था माजविण्याचा हेतू वा कल असेल तरच १२४-अ लागू होईल, सरकारवर कितीही तिखट टीका केली तरी ती तेवढ्याने राजद्रोह होत नाही. हा निकाल भाषणस्वातंत्र्याचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि तत्त्वापुरते ते खरेही आहे. मात्र ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या केदारनाथांचे अपील त्याच निकालाने फेटाळले गेले होते! तत्त्व अरुंद झाले आणि कलम जिवंत राहिले; परिणामी न्यायालयात नवा अर्थ आणि पोलीस ठाण्यात जुना मजकूर, अशी दुहेरी व्यवस्था तेव्हापासून चालू झाली. इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी चंडीगढमध्ये एकदोनदा घोषणा दिल्याबद्दल ज्यांच्यावर राजद्रोह लावला गेला, त्या दोघांची सुटका सर्वोच्च न्यायालयाने केली ती १९९५ साली. घोषणेचा जमावावर काही परिणाम झालाच नाही, हे दिसून यावयास दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

आतापर्यंत बोलण्याविषयी पाहिले. जमण्याविषयीचा कायदा थोडा निराळा चालतो. मूक मोर्चा, काळी फीत, धरणे हीही बोलण्याचीच रूपे आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद खटल्यात, बिहारच्या सरकारी नोकरांना निदर्शनबंदी करणारा नियम रद्द करताना मान्य केले. परंतु मोर्चाला रस्ता लागतो, आणि रस्ता इतरांचाही असतो. म्हणून येथे निर्बंध आशयावर नसून जागा, वेळ आणि रीत यांवर घालता येतो. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालील एका नियमाने रस्त्यावरील सभेला पोलिसांची पूर्वपरवानगी लागे, ती केव्हा नाकारावी याचे कोणतेही गमक मात्र नियमात दिलेले नव्हते. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात १९७२ साली घटनापीठाने तो नियम याच कारणाने रद्द केला. सरकार सभेचे नियमन करू शकते, परंतु हो-नाहीचा निरंकुश अधिकार अंमलदाराच्या खिशात ठेवू शकत नाही, हा त्याचा इत्यर्थ.

उलट, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखालील मनाई हुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बाबुलाल पराते यांच्या खटल्यात वैध ठरविला. तंटा नागपूरच्या गिरणी-कामगारांच्या दोन संघटनांतला होता. तातडीचा प्रसंग, लेखी कारणे आणि मर्यादित मुदत या अटींवर ते कलम टिकले. पण ज्या उपायाची मुदत संपताच नवा हुकूम काढता येतो त्याला तातडीचा म्हणावे कसे? मुंबईत पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली पंधरा-पंधरा दिवसांच्या जमावबंदीचे हुकूम इतक्या शिरस्त्याने निघतात, की नागरिकाला ते लागू असल्याचे ठाऊकच नसते. ते कळते ते मोर्चा निघाल्यावर. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी कौन्सिल हॉलकडे निघालेल्या लोकांवर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला त्या वेळीही बंदीहुकूम होताच. ज्या चौकात ती माणसे पडली त्याचे नाव पुढे सरकारी दप्तरातही हुतात्मा चौक असे लागले. आता दक्षिण मुंबईत मोर्चा आझाद मैदानापुढे जाऊ दिला जात नाही. दिल्लीच्या जंतरमंतरवरील सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उठविली, आणि २०२० साली शाहीनबागेच्या प्रकरणात निदर्शने नेमून दिलेल्या जागीच व्हावीत, सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडविता येणार नाही, असे सांगितले. रुग्णवाहिका अडू नये हे कोणासही पटेल. तथापि नेमून दिलेल्या जागेचा एक दोष कायद्याच्या नजरेत सहसा येत नाही. भाषणाच्या बाबतीत नागरिकाचे रक्षण करते ते शब्द आणि अपाय यांमधील अंतर. मोर्चाच्या बाबतीत दुसरेच एक अंतर महत्त्वाचे असते, घोषणा आणि ती ज्याने ऐकावी त्याचा कान यांमधले. हे दुसरे अंतर वाढविण्याची सोय मैदान नेमून देणाऱ्याला आयतीच मिळते.

आणखी एक गोष्ट या मोजमापात घोटाळा करते: ऐकणाऱ्याचा राग. शब्दापासून दंगा होईल हे खरे, पण तो बोलणाऱ्याच्या अनुयायांनी केला नसून विरोधकांनी केला तर बंदी कोणावर? ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ या राखीव जागांवरील तमिळ चित्रपटाच्या खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की धोका दारूच्या कोठारातील ठिणगीइतका निकट हवा, आणि निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपुढे राज्याने हात टेकणे म्हणजे धमकावणाराच्या स्वाधीन होणे होय. याहून जुना आणि माझ्या मते याहून नेमका दंडक नागपूरचा आहे. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तेथील उच्च न्यायालयाच्या, १९४७ च्या निकालसंग्रहात छापलेल्या एका निवाड्यात असे सांगितले, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसाच्या मापाने मोजावा. ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकट दिसते अशा डळमळीत मनाच्या मापाने नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जानेवारी २००४ मध्ये हल्ला झाला तेव्हा या मापाची कसोटी लागली. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकातील एका विधानाने लोक दुखावले होते, आणि ते विधान ऐकीव व बेजबाबदार होते हे मान्य करण्यास कोणत्याही विद्वानाला संकोच वाटू नये. परंतु हस्तलिखितांची नासधूस केली ती पुस्तकाच्या वाचकांनी नव्हे. सरकारने पुस्तक जप्त केले. उच्च न्यायालयाने २००७ साली जप्ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो निकाल कायम केला.

अलीकडचा इतिहास भराभर सांगता येईल. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिणाऱ्या पालघरच्या तरुणीला आणि त्यांना पसंती दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीला नोव्हेंबर २०१२ मध्ये अटक झाली. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमाला आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम समूळ रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या असून तिसऱ्या पायरीवरच कायदा जागा होतो, असे त्या निकालात आहे. तरीही मेलेल्या या कलमाखाली देशभर गुन्हे नोंदविले जात राहिले, आणि २०२२ साली न्यायालयाला ते थांबविण्याचा हुकूम पुन्हा काढावा लागला. त्याच वर्षी ११ मे रोजी १२४-अ स्थगित झाले.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत राजद्रोह हा शब्द नाही. १५२ वे कलम आहे, ज्यात फुटीरता, सशस्त्र बंड व विध्वंसक कारवाया यांना चिथावणी देणे याबरोबरच फुटीर कारवायांच्या भावनांना उत्तेजन देणे हाही गुन्हा आहे. स्ट्रेची यांच्या अंतःकरणातून कायद्याला रस्त्यावर आणण्यास न्यायालयांनी पासष्ट वर्षे घेतली. भावना पुन्हा मजकुरात आल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक व उज्ज्वल भुयान यांनी जामनगर येथे एका कवितेवरून खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर नोंदविलेला गुन्हा रद्द करताना व्हिव्हियन बोस यांचे ते नागपूरचे माप पुन्हा हाती घेतले आणि पोलिसांना एक व्यवहारी सूचना केली: नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे, तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, भाषणाच्या प्रकरणी ती करावी, म्हणजे शब्द नीट वाचून झाल्याखेरीज गुन्हा नोंदला जाणार नाही. ही सूचना न्याय संहितेच्या १९६ व्या, म्हणजे जुन्या १५३-अ या, कलमाच्या बाबतीत उपयोगी पडेल, कारण तेथे शिक्षा सामान्यतः तीन वर्षांची आहे. १५२ व्या कलमाची शिक्षा जन्मठेपेची किंवा सात वर्षांपर्यंतची असल्यामुळे ते या चौकशीच्या तरतुदीबाहेर पडते, आणि तेथे वाचन गुन्हा नोंदल्यानंतरच सुरू होते.